कलम सातात मामा नाही

बुधवारी डुफी दुपारी तीनपर्यंत पाण्याच्या घोटाशिवाय तोंडात काही घालत नसे. चाळीस वर्षांचा नेम होता तो. त्यामुळे बुधवारच्या पामफळांच्या सुपात मीठ किती पडलं, हे तिला कधीच चाखून बघता यायचं नाही, आणि घरचे लोक बुधवारचं सूप देवावर भरवसा ठेवून खात.

आजही ती पातेलं ढवळत उभी होती आणि कान मात्र दिवाणखान्याकडे होते. तिथे तिची भाची बिरागो खुर्च्या सरकवत होती. तीन खुर्च्या टेबलाच्या या बाजूला, दोन त्या बाजूला. प्रत्येक जागेपुढे पाण्याची बाटली, आणि निळ्या पुठ्ठ्याची नवी नियमपुस्तिका. खाली छापखान्यातली यंत्रं दुपारच्या सुट्टीत गप्प झाली होती, म्हणून वरच्या मजल्यावर खुर्चीचा पायसुद्धा करकरलेला ऐकू येत होता.

"मावशी, टिपणं तू घेशील ना?" बिरागोने दारातून डोकावून विचारलं. "शब्दाला शब्द हवा हं. कोण काय म्हणालं ते सगळं."

"घेईन की. जन्मभर दुसऱ्यांचे शब्दच वाचत आले."

हे मात्र खरं होतं. घानातल्या या कुमासीत माणूस गेला की आधी घरच्यांना कळतं, मग पास्टरला, आणि तिसरी डुफी. मृताचा फोटो, त्याखाली सगळा गोतावळा, बायका, मुलं, भाचे, भाच्या, नातवंडं, असं भलंमोठं पोस्टर छापून घ्यायला लोक यांच्या घरच्या छापखान्यातच येत. शहराच्या निम्म्या भिंती यांनीच भरल्या होत्या. छापायला जाण्याआधी प्रत्येक पोस्टरवरून डुफीची पेन्सिल फिरायची. कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली, कुठल्या घरात कुठल्या भाच्याला विसरले तर उद्या डोकी फुटतील, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मयतावर जगणारा हा छापखाना, आणि आज त्याच छापखान्यातला एक माणूस मयताला गेला म्हणून घरी बसणार होता.

अजेकुम त्याचं नाव. खालचं जुनं जर्मन यंत्र सव्वीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं, आणि दुसऱ्या कुणी हात लावला की ते रुसून बसायचं. मागच्या महिन्यात त्याचा मामा गेला. अजेकुम त्याचा वारस नेमलेला भाचा; इकडच्या रिवाजाने वारसा मुलाकडे नाही, बहिणीच्या मुलाकडे जातो. आठव्या दिवसाची बैठक, पुरण्याचा दिवस, आभाराची प्रार्थना, सगळीकडे तोच पुढे बसायला हवा. त्याने रजेचा अर्ज केला. कर्मचाऱ्यांचा कारभार आता बिरागोकडे होता; तिने तो नाकारला. कलम सात, जवळचे नातेवाईक: आई, वडील, पती किंवा पत्नी, अपत्य. मामा नाही. अजेकुम काही न बोलता गेला आणि अकरा दिवसांनी मुंडण करून परत आला. त्या अकरा दिवसांत यंत्र दोनदा अडलं आणि एका सरदाराची पोस्टरं अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवशी पोचली.

बिरागोच्या हातातल्या पाकिटात त्याला कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं. सही तेवढी राहिली होती.

"वकिलासारखी दिसतेय की नाही माझी पोर?" बिरागोची आई, म्हणजे डुफीची धाकटी बहीण कोनाडू, पंखा हलवत स्वयंपाकघरात आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. कोनाडूला बोलवावं लागतच नसे. "सहा वर्षं लीड्सला शिकली ती काय फुकट? आता बघ कशी शिस्त लावते. माणसं म्हणजे काय, माणसांचंसुद्धा शास्त्र असतं म्हणे."

"असतं ना," डुफी म्हणाली. "मीठ बघ गं जरा."

कोनाडूने चमचा तोंडात घातला. "कमी आहे." आणि मूठभर घातलं.

*

समितीत तिघं होते: बिरागो अध्यक्ष, मालक म्हणून तिचा मामा सार्पोंग, आणि विक्री सांभाळणारा ज्यामफी. ज्यामफी सगळ्यांत आधी आला. पांढरा शुभ्र सदरा, चष्मा कपाळावर. छापखाना ज्यांनी एका इंग्रजाकडून विकत घेतला त्या आम्पोफोंचा हा मुलगा. सार्पोंग, डुफी, कोनाडू यांचा मामेभाऊ. चाळीस वर्षं तो या घरात जेवत होता आणि चाळीस वर्षं प्रत्येक जेवणाला नावं ठेवत होता.

"काय पुस्तिका केलीस, वा!" त्याने निळी पुस्तिका उचलून तिचा वास घेतला. "विशेषतः कलम सात. मी तीनदा वाचलं. एका शब्दाला हात लावू नकोस हं बाळ."

बिरागो खुलली. या घरात तिच्या पुस्तिकेला चांगलं म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं. डुफीने मात्र पेन्सिलीला टोक काढता काढता मान वर केली. ज्यामफीने आजवर नावं ठेवण्याआधी सूपदेखील तीनदा चाखलं नव्हतं. मग कलम तीनदा कसं काय वाचलं?

दोन वाजले. सार्पोंगची खुर्ची रिकामी.

"मामांना उशीर झाला," बिरागो घड्याळ बघत म्हणाली. "बरं, कर्मचाऱ्याला तरी आत येऊ दे. कलम अकराप्रमाणे त्याला सोबत एक माणूस आणायचा हक्क आहे."

दार उघडलं. अजेकुम आत आला. काळं वस्त्र, गुळगुळीत डोकं, नजर जमिनीला. आणि त्याच्या सोबतीचा माणूस मागोमाग आला. सत्तरी ओलांडलेला, उंचापुरा, हातात, माफी मागायला जाताना नेतात ती, श्नॅप्स दारूची हिरवी बाटली. त्याने दाराशी चपला काढल्या, खांद्यावरचं वस्त्र कमरेपर्यंत उतरवलं, जसं राजापुढे जाताना उतरवतात, आणि उघड्या खांद्याने वाकून उभा राहिला.

तो सार्पोंग होता.

"मामा!" बिरागो ताडकन उठली. "हे काय? तुम्ही या बाजूला बसायचंय!"

"तुझ्या पुस्तिकेत लिहिलंय, एक माणूस आणायचा," सार्पोंग गंभीरपणे म्हणाला. "त्याने मला आणलं."

"पण तुम्ही मालक आहात!"

"कलम अकरात मालक चालत नाही असं आहे का? मी वाचलं. नाही आहे."

कोनाडूने पंखा तोंडावर धरला, पण पंख्यामागून हसू ऐकू आलंच. डुफीने शब्दाला शब्द लिहून घेतलं: 'मालक चालत नाही असं नाही.'

एक खुर्ची रिकामी पडली म्हणून कोनाडू बिनदिक्कत तिच्यात जाऊन बसली. "समिती तिघांची हवी ना? चला."

"आई, तू कर्मचारी नाहीस."

"मी तुझी आई आहे. कलम सातात पहिलं नाव माझंच आहे."

बिरागोने डोळे मिटून घेतले. मग कागद सरळ केले आणि लीड्सच्या आवाजात म्हणाली, "मिस्टर अजेकुम, परवानगी नसताना अकरा दिवस गैरहजर राहण्याबद्दल तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

अजेकुमने सार्पोंगकडे पाहिलं.

"तो म्हणतो," सार्पोंग बोलू लागला, "की त्याचं चुकलं. तो म्हणतो, मूल आगीत हात घालतं तेव्हा आई हात ओढून घेते, हात कापून टाकत नाही."

"तो काहीच म्हणालेला नाही!"

"त्याला जे म्हणायचंय ते मी म्हणतोय. मोठ्यांपुढे माणूस स्वतःची वकिली स्वतः करत नाही, पोरी. तसं करणं उद्धटपणाचं."

"इथे कुणी मोठं नाही, लहान नाही. इथे समिती आहे."

"हो का?" सार्पोंगने बाटली टेबलावर ठेवली, अगदी पाकिटाशेजारी. "मग समितीपुढे ही ठेवतो. सत्तर वर्षांचा माणूस उघड्या खांद्याने उभा आहे, समितीला दिसतंय ना?"

बिरागोचे कान लाल झाले. अध्यक्ष बसलेली आणि मामा उभा, हे तिच्याच्याने बघवत नव्हतं, हे डुफीला टेबलाच्या कडेवरूनही कळलं. पोरीची नजर पायाकडे जात होती, उठायला. पण ती उठली नाही. बोलली, आणि जे बोलली ते डुफीला आत कुठेतरी लागलं.

"छान," बिरागो म्हणाली. "याला मध्यस्थ मिळाला. खुद्द मालक मिळाला. आणि बांधणीच्या टेबलावरची सेकिना? तिची बहीण तिकडे उत्तरेत, तमालेला वारली, तेव्हा तिला कुणी सुट्टी दिली? कुणी बाटली घेऊन उभं राहिलं? तिचं या शहरात कुणी नाही. ती दुसऱ्या दिवशी डोळे पुसत कामावर आली. तुमच्या पद्धतीत ज्याला मोठा माणूस आहे त्यालाच माफी मिळते. म्हणून मी नियम लिहिले. ते सगळ्यांना सारखे आहेत."

सेकिना रोज सकाळी डुफीला हसून सलाम करायची. तिची बहीण गेलेली डुफीला आज कळत होतं. मुसलमानांत त्याच दिवशी पुरतात, पोस्टर छापत नाहीत. आणि ज्याचं पोस्टर नाही, त्याच्या मरणाची बातमी डुफीपर्यंत येत नसे. तिने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि टिपणात लिहिलं: 'सेकिना. बहीण. तमाले.' खाली दोन रेघा मारल्या.

"अगदी बरोबर!" ज्यामफीने टेबलावर थाप मारली. "नियम म्हणजे नियम. मामा हा काही जवळचा नातेवाईक नाही. भाचा वगैरे म्हणजे बाहेरचाच माणूस. ही पुस्तिका या महिन्यातच मंजूर करून टाकू, छापखान्याचा शिक्का मारून. सार्पोंगदादाची सही घेऊ."

'बाहेरचाच' हा शब्द डुफीने लिहिला, आणि तिची पेन्सिल थांबली. आत्ता कळलं कलम तीनदा का वाचलं ते.

"बिरागो," ती हळूच म्हणाली. इतक्या हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. डुफीची ही जुनी खोड होती. "टिपणं घेणारीने एक विचारलं तर चालेल?"

"विचार ना, मावशी."

"अजेकुमने अर्जात 'मामा' लिहिलं. 'वडील' लिहिलं असतं तर?"

"तर रजा मंजूर झाली असती. पुरावा जोडून."

"कसला पुरावा?"

"मृत्यूचं पोस्टर."

"ते तर आपणच छापतो." डुफीने पेन्सिल कानामागे खोचली. "म्हणजे तो खोटं बोलला असता तर नोकरी राहिली असती, खरं बोलला म्हणून जातेय. असंच लिहू का?"

अजेकुमच्या खांद्यांना किंचित हिसका बसला. तो रडत होता की हसत होता, ते कळलं नाही.

डुफी उठून कपाटाकडे गेली आणि एक फाटकं रजिस्टर घेऊन आली. "हे इंग्रज साहेबाच्या वेळचं. आम्पोफोमामांनी छापखाना घेतला तेव्हा यंत्रांबरोबर हेही आलं. त्याच्या नियमातही हीच चार नाती होती, याच क्रमाने. बघ, छपाईवाला क्वाबेना, आई वारली. आठ महिन्यांनी तोच क्वाबेना, आई वारली. पुढच्या वर्षी पुन्हा. खिळे जुळवणारे दोघं भाऊ, त्यांची आई तर एका वर्षात दोन वेगळ्या गावांत वारली. सगळे मामांना आणि मावश्यांना पुरायला जात होते गं. आणि इथे साहेबाने समासात काय लिहिलंय बघ."

बिरागोने वाचलं. साहेबाने बारीक अक्षरात लिहिलं होतं की या देशातल्या आया अतिशय नाजूक प्रकृतीच्या आहेत, आणि त्यावर डॉक्टरांचं मत घ्यावं.

कोनाडू एवढी हसली की पंखा खाली पडला. सार्पोंगचा वाकलेला खांदाही हलू लागला. बिरागोने ओठ दाबून धरले, पण तिचे डोळे समासावरच खिळून राहिले. आपलं कलम आपण लिहिलं असं तिला वाटत होतं. ते साहेब साठ वर्षांपूर्वी लिहून गेला होता.

"आणि हे एक," डुफी म्हणाली. रजिस्टरमधून तिने चौघडी घातलेला पिवळा कागद काढला. "मी तपासलेलं पहिलं मयताचं पोस्टर. एकोणीसशे एकोणऐंशी. आम्पोफोमामांचं. सगळ्यांत वर काय आहे?"

बिरागोने वाचलं. "मुख्य शोककर्ता आणि वारस: सार्पोंग. बहिणीचा मुलगा."

"म्हणजे भाचा. आणि मुलं?"

"खाली." बिरागोचा आवाज उतरला. "शेवटच्या ओळीत. ज्यामफी."

"मामाने भाच्याला ठेवलं म्हणून छापखाना सार्पोंगदादाकडे आला. वडिलांचा मुलाला मिळतो तो कायदा नंतरचा, आणि मृत्युपत्र तर नव्हतंच. रिवाज होता तेवढा. आता छापखान्यानेच शिक्का मारून, मालकाच्या सहीने लिहून दिलं की मामाला भाचा जवळचा नाही..." डुफीने वाक्य अर्धंच सोडलं. तिला कुणावर आरोप करायला आवडत नसे, बुधवारी तर मुळीच नाही.

सगळ्यांनी ज्यामफीकडे पाहिलं. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पुन्हा कपाळावर नेला.

"काका," बिरागो म्हणाली, "रजेच्या कलमाचा आणि वारसाचा काय संबंध?"

"काहीच नाही, बाळ," ज्यामफी गोड आवाजात म्हणाला. "फक्त वकिलाला दाखवायला बरं असतं."

"चोरा!" कोनाडू खुर्चीतून उठली. "माझ्या पोरीच्या पुस्तिकेतून माझ्या भावाचा छापखाना नेतोस? बिरागो, जाळ ती निळी वही! मी आधीपासून सांगत होते, माणसांचं कसलं आलंय शास्त्र!"

"आई, अर्ध्या तासापूर्वी तूच..."

"अर्ध्या तासापूर्वी मी समितीत नव्हते!"

"एकोणीस वर्षांचा होतो मी," ज्यामफी एकदम म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. "बाप माझा मेला. नाव शेवटच्या ओळीत. एका माणसाने तरी विचारलं का, ज्यामफी, तुला सुट्टी हवी का? दुसऱ्या दिवशी विक्रीच्या टेबलावर होतो."

उठलेली कोनाडू खाली बसली. सार्पोंग उघड्या खांद्याने तसाच उभा होता, आणि आता तो खरोखरच थकलेला दिसत होता.

बिरागोने पुस्तिका उघडली. पान उलटलं. "कलम बारा," ती म्हणाली. "निर्णयाआधी समिती पंधरा मिनिटं बाहेर जाऊन विचार करेल."

सार्पोंगचा चेहरा उजळला. "म्हणजे म्हातारीला विचारून येणार! मग तसं म्हण ना. आपले पंच पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. जा, म्हातारीला विचारून या."

*

पंच निवाड्याआधी उठतात आणि म्हातारीला विचारून येतो म्हणतात, तेव्हा बाहेर म्हातारी वगैरे कुणी बसलेली नसते. ते झाडाखाली उभे राहून आपसांत बोलतात. बिरागो सरळ स्वयंपाकघरात आली.

"इथे कोण म्हातारी?" डुफीने विचारलं.

"आरशात बघ, मावशी."

डुफीने पातेल्यावरच्या झाकणात बघितलं. चौसष्ट. देवा, खरंच की. कधी झालं हे?

बिरागो ओट्याला टेकली. अध्यक्षपण गळून पडलं होतं. उरली होती ती मांडीवर झोपणारी पोर. "मामाला घालायचं तर मावशी घाल, आत्या घाल, मामाची मामी घाल. यादी चार पानं होईल. मग छापखाना रोजच बंद. आणि नाही घातलं तर सगळे खोटं बोलतील. आणि अजेकुमला सोडलं तर सेकिना म्हणेल, बाटली असेल तर नियम नाही. तिचं चुकेल का?"

"नाही चुकणार. माझं चुकलं."

डुफीने पळी पुन्हा सुपात घातली.

"तो तुझा कागद असतो ना," डुफी म्हणाली, "नव्या माणसाकडून भरून घेतेस तो. त्यात शेवटी एक रेघ आहे."

"अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, ती? एक नाव."

"एकच का?"

"तसाच असतो कागद."

"अजून तीन रेघा मारता येत नाहीत?"

बिरागोने वर बघितलं. डुफी ढवळत राहिली. पोर हुशार होती. तिला पुढचं सांगावं लागत नसे, फक्त ढवळणं थांबवायचं नसे.

"चार नावं," बिरागो सावकाश म्हणाली. "ज्याची त्याने द्यायची. मामा असो, शेजारीण असो, कुणी का असेना. आधीच लिहून, सही करून. त्या चौघांना पुरायला कुणालाही विचारावं लागणार नाही. ना मला, ना तुला, ना कुठल्या बाटलीला. सेकिनालाही चार, मामांनाही चार." ती ओट्यापासून सुटली. "आणि त्यात 'जवळचे नातेवाईक' हा शब्दच नाही! मावशी, ज्यामफीकाकाच्या वकिलाला दाखवायला काही उरतच नाही!"

"हो का?" डुफी म्हणाली. "माझ्या लक्षातच नाही आलं ते. मीठ बघ जरा."

बिरागोने चमचा चाटला. "कमी आहे," म्हणाली, आणि मूठभर घालून निघून गेली.

*

टेबलाशी येऊन ती बसली नाही. मामा उभा असताना तीही उभी राहिली. पाकिटातलं पत्र काढून तिने चार तुकडे केले आणि बाटली दोन्ही हातांनी उचलून आपल्या बाजूला घेतली. बाटली घेतली म्हणजे माफी दिली; हे सांगावं लागलं नाही. सार्पोंगने वस्त्र खांद्यावर ओढलं. अजेकुमने सुस्कारा सोडला, तो खालच्या यंत्रालासुद्धा ऐकू गेला असेल.

"पण शिक्षा आहे," बिरागो म्हणाली.

"असायलाच हवी," सार्पोंग म्हणाला. "शिक्षा नसली तर माफीला चव नसते."

"एका माणसाच्या मयतामुळे यंत्र अडता कामा नये. मिस्टर अजेकुम, सहा महिन्यांत ते जर्मन यंत्र तुम्ही दुसऱ्या माणसाला पूर्ण शिकवायचं. सेकिनाला."

दुपारपासून पहिल्यांदा अजेकुमला स्वतःची जीभ सापडली. "सेकिना? मॅडम, ती बाई आहे! ते यंत्र बायकांचं ऐकत नाही!"

"तो म्हणतो," सार्पोंग घाईने म्हणाला, "की तो आनंदाने शिकवेल."

*

सोमवारी चार रेघांचे कागद वाटले, आणि छापखाना अकरा दिवसांच्या मयतातही थांबला नव्हता इतका थांबला. माणसं पेन तोंडात धरून छताकडे बघत होती. चार म्हणजे कोण चार? आईला घातलं तर सासू विचारणार. थोरल्या मामाला घातलं तर धाकटा रुसणार. एकजण घरी फोन करून मामाला सांगत होता की तुमचं नाव पहिलं घातलंय, आणि मामा पलीकडून ओरडत होता की माझ्या मरणाची एवढी घाई का? दोघांनी आपापल्या आज्यांची प्रकृती एकमेकांना विचारून नावं बदलली. बांधणीच्या टेबलावर तर खरंच भांडण झालं.

संध्याकाळी बिरागो कागदांचा गठ्ठा घेऊन वर आली. डुफी दिव्याखाली एक पोस्टर तपासत होती.

"ज्यामफीकाकांचा बघ."

पहिल्याच रेघेवर ज्यामफीने लिहिलं होतं: सार्पोंग. समोर कंसात, कुणी विचारलं नसताना, कारणही दिलं होतं. 'त्याला पुरताना मी सगळ्यांत पुढे असेन. पोस्टरावर वरच्या ओळीत.'

"हं," डुफी म्हणाली. "घालीन. वरच्या ओळीत."

"आणि सेकिनाचा."

सेकिनाच्या कागदावर तीन रेघा रिकाम्या होत्या. पहिलीवर एकच नाव, जपून, गिरवून लिहिलेलं. डुफी. डुफीने तो कागद दिव्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मयतांची हजारो नावं तपासलेल्या त्या डोळ्यांना दोन अक्षरं काही लवकर वाचता येईनात.

"एवढ्याने रडू नकोस," बिरागो म्हणाली आणि बाकीचा गठ्ठा तिच्यापुढे आपटला. "हे तर खरं संकट. अजेकुमने तुझं नाव घातलंय. कापणीच्या दोघांनी घातलंय. हिशेबवाल्याने, राखणदाराने, मामांनी. एकतीस माणसांपैकी तेवीस जणांनी तुला घातलंय, मावशी! तू गेलीस त्या दिवशी मला छापखाना बंद ठेवावा लागेल. नियमाप्रमाणे. मग तुझं पोस्टर कोण छापणार?"

डुफीने डोळे पुसले आणि विचार केला. अडचण खरी होती. पोस्टर उशिरा पोचलं तर लोक काय म्हणतील? आणि तपासायचं कुणी? तेवीस जणांची नावं, त्यांचा क्रम, कोण वर, कोण खाली. एक चूक झाली तर दफनभूमीतच मारामारी व्हायची.

तिने कानामागची पेन्सिल काढली.

"असं कर," ती हळूच म्हणाली, "माझं पोस्टर आत्ताच जुळवून आण. तारखेची जागा तेवढी मोकळी सोड. बाकीचं मी तपासून देते."